भरवशाचा पेंटर शोधताय? आधी भिंतीला हात लावून बघा

पत्राचा सारांश: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं हे पत्र. घराचा पुढचा भाग सासऱ्यांच्या वेळचा, जांभ्या दगडाचा, चुन्याच्या गिलाव्याचा, वर मंगळुरी कौलं. मागे बारा वर्षांपूर्वी वाढवलेल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, ते विटा-सिमेंटचं, वर स्लॅब. मार्गशीर्षात मुलाचं लग्न आहे. दिवाळीच्या आत घर आतून-बाहेरून रंगवून व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. पाच वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं निम्म्याहून जास्त पैसे आधीच घेतले आणि मागची बाजू तशीच टाकून तो गेला. त्यानं लावलेला पुढच्या भिंतीचा रंगही पहिल्याच पावसाळ्यात फुगून पोपडे पडले. आता तीन भाव हातात आहेत. दिरांच्या ओळखीचा पेंटर नुसत्या मजुरीचे चौरस फुटाला ९ रुपये सांगतो. बेळगावचा एक ठेकेदार मालासकट २४ रुपये म्हणतो. तिसरा ठोक ८५ हजार मागतो, त्यातले निम्मे आधी. यजमानांना ओळखीचाच माणूस बरा वाटतो, तर मुलगा म्हणतो की रंग कंपनीचीच माणसं बोलवू. ताई विचारतात, "ओळखीच्याला हिशेब विचारला तर दिरांना वाईट वाटणार, अनोळखी माणसावर माझा विश्वास बसत नाही. भरवशाचा माणूस ओळखायचा तरी कसा?"

ताई,

तुमचा राग रास्त आहे. पैसे घेऊन काम अर्धवट टाकणं ही फसवणूकच. पण तुम्ही दोन तक्रारी एकाच माणसाच्या नावावर टाकल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय या खेपेलाही निवड चुकेल. मागची बाजू टाकून जाणं हा त्याचा दोष. पुढच्या भिंतीचा रंग फुगला, तो मात्र कितीही प्रामाणिक पेंटरनं लावला असता तरी फुगलाच असता. त्या ठेकेदाराची चूक एवढीच, की ही भिंत असा रंग धरणार नाही हे त्यानं तुम्हाला सांगितलं नाही.

जांभा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी पितो. तुमच्या भागात जून ते सप्टेंबर जोत्यातून ओल वर चढते आणि पश्चिमेच्या भिंतीवर झड बसते ती वेगळीच. चुन्याचा गिलावा हे पाणी उन्हाळ्यात हळूहळू बाहेर सोडून देतो, म्हणून जुनी भिंत इतकी वर्षं टिकली. तिच्यावर इमल्शनचा, म्हणजे पेंटर ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतात त्या रंगाचा, पडदा चढला की ओलीची बाहेर पडायची वाट अडते. आतलं पाणी रंगाला मागून ढकलतं आणि पाण्याबरोबर आलेला क्षार रंगामागे पांढऱ्या भुकटीसारखा साचत जातो. शिवाय चुन्याच्या जुन्या हातांवर, म्हणजे थरांवर, नेहमी भुरभुर असते. इमल्शन त्या भुकटीला चिकटतं, भिंतीला चिकटतच नाही. म्हणून पोपडा निघतो तो अख्खा, पापडासारखा.

त्यामुळे तुमचं घर हे एक काम नाही, दोन कामं आहेत. पुढचं वेगळं, मागचं वेगळं. तिन्ही पेंटरांनी दोन्हींना एकच भाव लावला आहे, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते.

कुणालाही बोलवण्याआधी एक परीक्षा घरीच करा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीनं भिंतीवर पक्क्या बंद करा. एक तुकडा जोत्यापासून फूटभर वर, एक डोक्याच्या उंचीला, एक न्हाणीला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर. चोवीस तासांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल तर पाणी भिंतीच्या पोटात आहे. बाहेरच्या बाजूला धरलं असेल तर ती हवेतली ओल आहे, खिडक्या उघडून आणि पंखा लावून ती जाते. मग काळ्या कापडाचा बोळा भिंतीवर घासा. पांढरं निघालं तर तो थर खरवडल्याशिवाय वर काहीही टिकणार नाही.

आत ओल निघाली तर पहिली हाक गवंड्याला, पेंटरला नंतर. भिंतीला टेकलेला मातीचा ढीग, कुंड्या, सरपण हलवा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान अर्धा फूट खाली हवी आणि तिचा उतार घरापासून लांब जायला हवा. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी पडून तांबड्या मातीचे शिंतोडे उडत असतील तर पन्हळ लावा, नाहीतर पडतं तिथे फरशीचा पट्टा करा. फुटकं कौल बदला. न्हाणीतल्या फरशीचे सांधे भरा. आणि कुणी खालच्या तीन फुटांना सिमेंटचा पट्टा मारू म्हणालं तर नको म्हणा. त्या पट्ट्यातून ओलीला बाहेर येता येत नाही, मग ती पट्ट्याच्या वर चढून चार-पाच फुटांवर फुटते. आतून मारायचे ओलरोधक रंगही जुन्या जांभ्याच्या भिंतीवर हेच करतात.

आता पुढच्या भागाला काय लावायचं? चुनाच. हे गरिबीचं किंवा जुनाट काम समजू नका. या भिंतीला तेच योग्य आहे, आणि तुमची लग्नाची घाईही त्यानंच सुटते. इमल्शनला कोरडी भिंत लागते. चुना किंचित ओलसर भिंतीवर उलट चांगला बसतो. परतीचा पाऊस थांबल्यावर दिवाळीआधी तो देता येईल. अट एकच, आधीचं इमल्शन पूर्ण खरवडून निघालं पाहिजे, कारण त्याच्यावर चुना धरत नाही. जिथे फुगलंय तिथे ते पत्र्यानं सहज निघेल. वरच्या कोरड्या भागात घट्ट बसलेलं असेल, तिथे तारेचा ब्रश आणि दोन-चार दिवसांची जादा मजुरी लागेल. ही मजुरी भावात धरली आहे का, हे आधी विचारा. उडालेल्या गिलाव्याची डागडुजी चुना-वाळूनंच करून घ्या, सिमेंटनं नको.

चुना तयार करायची रीत पेंटरला माहीत नसेल तर सांगायला संकोच नको. एक किलो कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी, लोखंडी पिंपात किंवा मातीच्या भांड्यात. प्लास्टिकच्या बादलीत नको, कारण कळी विरताना पाणी उकळतं. डोळ्यांवर चष्मा हवा आणि मुलं लांब हवीत. चोवीस तास मुरू द्यायचं, मग जाड्याभरड्या कापडातून गाळायचं, आणि किलोमागे सुमारे २० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा. पांढऱ्यासाठी थोडी नीळ. रंग हवा असेल तर पिवळी माती किंवा गेरू चालतो, पण फिकाच ठेवा. तीन हात द्यायचे, पातळ, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. घट्ट एकच हात दिला तर तो तडकतो आणि हाताला पांढरं लागत राहतं. असा चुना दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल, हे आधीच मान्य करून ठेवा. दर वेळी फक्त झाडून वर हात मारायचा असतो, खरवडणं पुन्हा लागत नाही.

मागच्या सिमेंटच्या भागाला इमल्शन चालेल. तिथे दोन जागा आधी बघा. एक, स्लॅबच्या खालच्या बाजूला पिवळे डाग किंवा फुगवटे आहेत का. असले तर वरून स्लॅबचं काम आधी. दुसरी जागा, जुनी जांभ्याची भिंत आणि नवी विटांची भिंत जिथे मिळते तिथली उभी भेग. ती असणारच, कारण दोन्हींचे पाये वेगळ्या वेळचे आहेत आणि वेगवेगळे बसतात. पेंटर ती पुट्टीनं बुजवतो, सहा महिन्यांत ती केसासारखी परत दिसते आणि शिव्या पेंटरला बसतात. ती भेग खरवडून मोकळी करा आणि लवचीक सीलंटनं भरून घ्या, नाहीतर तिथे सरळ एक नीटस खाच ठेवा. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीवर घर असलेल्या वाचकांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे भेगा हलतात. भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत भेग रेघेच्या पुढे गेली तर ते काम पेंटरचं नाही.

वेळेचं गणितही नीट लावू. तुम्हाला सगळं दिवाळीच्या आत हवं आहे, कारण सगळ्यांनाच ते तेव्हाच हवं असतं. म्हणून घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत एकेक पेंटर चार-पाच घरं धरतो, एका घरी एक दिवस येतो आणि तीन दिवस गायब होतो. तुमच्या मागच्या अनुभवाचं मूळही बहुधा यातच असेल. एका घराची आगाऊ रक्कम दुसऱ्या घराच्या मालात जाते आणि शेवटच्या घराला काहीच उरत नाही. मागच्या भागाच्या बाहेरच्या भिंती दिवाळीआधी रंगवूच नका. पावसाळाभर प्यालेलं पाणी ऑक्टोबरात गेलेलं नसतं. त्या जानेवारी ते मार्चमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आत करा. लग्नाला येणारी माणसं ओसरी, माजघर आणि आतल्या खोल्या बघतील. तेवढं झालेलं असेल. पितृपंधरवड्यात अनेक घरांत नवं काम काढत नाहीत, पेंटर थोडे मोकळे असतात. मापं घेणं, भिंती दाखवणं, कागद करणं हे तेव्हाच उरकून घ्या.

आता ते तीन भाव. ९, २४ आणि ८५ हजार यांची तुलना होतच नाही, कारण तिघं तीन वेगळ्या कामांचा भाव सांगताहेत. ९ रुपयांत खरवडणं आहे की नाही? नसेल तर तिसऱ्या दिवशी "हे जादा काम" ऐकायला मिळेल. २४ रुपयांत पुट्टी सगळ्या भिंतींना की फक्त खड्ड्यांना? कुठल्या दर्जाचं इमल्शन? ८५ हजार किती चौरस फुटांचे? ठोक भाव ऐकायला सोपा असतो, पण त्यात मोजायला काहीच उरत नाही.

माप तुम्हीच घ्या, मुलाला टेपचं दुसरं टोक धरू द्या. १२ बाय १० ची, १० फूट उंचीची खोली असेल तर चार भिंती ४४० चौरस फूट, छत १२०, मिळून ५६०. दार ३ बाय ७ चं म्हणजे २१ आणि खिडकी ४ बाय ४ ची म्हणजे १६. ही वजा केली तर ५२३ उरतात. वजा करायची की नाही यावर शेवटी भांडणं होतात, म्हणून ते आधीच ठरवा. काही पेंटर दार-खिडक्या वजा करत नाहीत आणि त्या बदल्यात चौकटीच्या कडांचे वेगळे पैसे घेत नाहीत. तेही चालेल, पण दोन्हींकडून घेणं चालणार नाही. काही जण चटई क्षेत्राची साडेतीन पट करून मोकळे होतात. ते अंदाजाला ठीक, बिलाला नाही. कौलारू भागाला छत नाही, त्यामुळे तिथे ते पैसे लागू देऊ नका. आढ्यापर्यंत गेलेल्या त्रिकोणी भागाचं माप पाया गुणिले उंची, भागिले दोन. आणि कुणी ब्रासमध्ये बोललं तर एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट.

समजा मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून १,५०० चौरस फूट भरले. चांगल्या प्रतीचं आतलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे सुमारे १२० चौरस फूट जातं, म्हणजे साडेबारा लिटर. प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, एका हाताला साधारण तेवढाच. पुट्टी दोन थरांना किलोला १० ते १५ चौरस फूट धरा, म्हणजे सगळ्या भिंतींना ४० किलोच्या तीन पिशव्या, नुसत्या डागडुजीला एक. बाहेरच्या इमल्शनचा खप जास्त असतो, खरबरीत गिलाव्यावर दोन हातांना लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट. हे आकडे जवळ ठेवा, कारण पुढे देखरेखीचं निम्मं काम तेच करतात. साडेबारा लिटरच्या जागी आठ लिटरमध्ये दोन हात "झाले", तर रंगात डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी गेलंय किंवा दुसरा हात झालेलाच नाही.

माल तुम्हीच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदाराला पैसे तुम्ही द्या, बिल तुमच्या नावानं घ्या, त्यावर रंगाचा शेड नंबर लिहून घ्या. डब्याचं सील तुमच्यासमोर फुटावं आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत अंगणात राहावेत. मिसळून घेतलेला रंग दुकानदार परत घेत नाही, म्हणून हिशेबाच्या नव्वद टक्केच आधी आणा. पुढचा डबा लागला तर तो नव्या भिंतीच्या कोपऱ्यापासून वापरायला सांगा, भिंतीच्या मध्यावर नको, दोन डब्यांच्या छटेत किंचित फरक पडू शकतो. अनेक डब्यांत पेंटरसाठी टोकन किंवा क्यूआर कोड असतो, ती कंपनीची बक्षीस योजना. ते पेंटरनं घेण्यात काही गैर नाही, खुशाल घेऊ द्या. फक्त तो अमुकच कंपनीचा हट्ट धरतो तेव्हा त्यामागचं एक कारण तेही असू शकतं, एवढं ध्यानात असू द्या.

मग माणूस कसा ओळखायचा? तुम्ही त्याच्या बोलण्यावरून आणि ओळखीवरून ओळखू बघताय. त्यापेक्षा त्याच्या हाताकडे बघा. घरात आल्यावर तो भिंतीला हात लावतो का, नखानं खरवडून बघतो का, पावसाचं पाणी कुठून येतं हे विचारतो का? की दारातूनच नजर फिरवून भाव सांगतो? पुढच्या भिंतीकडे बोट करून विचारा, "इथे प्लास्टिक पेंट आत्ता मारला तर चालेल ना?" जो "मारून टाकू, काही होत नाही" म्हणेल, त्याला चहा पाजून निरोप द्या. "इथे टिकणार नाही" असं म्हणून स्वतःचं काम कमी करणारा माणूस मिळाला, तर चौरस फुटामागे एक-दोन रुपये जास्त गेले तरी तो घ्या.

त्याचं जुनं काम बघायला जा, पण गेल्या महिन्यातलं नको. नवा रंग सगळ्यांचाच छान दिसतो. तीन पावसाळे खाल्लेलं घर दाखव म्हणा. तिथे पश्चिमेची भिंत, जोत्यापासून तीन फूट आणि खिडक्यांचे खालचे कोपरे बघा. घरमालकाला तीनच प्रश्न विचारा. रोज येत होता का? शेवटी बिल वाढलं का? नंतर काही बिघडलं तेव्हा बोलावल्यावर आला का? तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. पेंटरलाही विचारा की काम तो स्वतः करणार की दुसऱ्या टोळीला देणार, माणसं किती, आणि सध्या हातात किती घरं आहेत. तुमच्या मागच्या भागाचं आतलं काम तीन माणसांना आठ-दहा दिवसांचं आहे. दोन दिवसांत करतो म्हणणाऱ्याकडे पुट्टी वाळायला वेळच नाही.

यानंतर कागद. एकच पान, वहीचं चाललं. त्यावर भागवार कामं लिहा: पुढे इमल्शन पूर्ण खरवडणं, चुन्याची डागडुजी, तीन हात चुना. मागे सैल रंग खरवडणं, भेगा, पुट्टीचे दोन थर, घासणं, प्रायमर एक हात, इमल्शन दोन हात. मापं, भाव, मालाचं नाव आणि लिटर, सुरू करायची तारीख, रोज किती माणसं. परांची, शिड्या आणि पडदे कुणाचे. फरशीवरचे डाग कोण काढणार. हा एकच कागद तिघांनाही द्या आणि म्हणा, "याचा भाव सांगा." तेव्हा कुठे तीन आकडे शेजारी ठेवता येतील. पेंटर कानडी वाचणारा असेल तर कागद कानडीतही करा. ज्या भाषेत त्याला कळतं त्या भाषेत त्याची सही असू द्या.

कामाच्या क्रमात एक चूक फार होते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर ती किंचित ओलावलेल्या भिंतीवर थेट लावतात आणि प्रायमर तिच्यावर येतो. ॲक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्रायमर, मग पुट्टी, मग पुन्हा प्रायमर, आणि ती बाहेरच्या भिंतीला लावायची नाही. कुठेही नवा सिमेंटचा गिलावा केला असेल तर निदान २८ दिवस त्यावर रंग नको. तुमच्या लग्नाच्या हिशेबात हे दिवस आधीच धरा.

पैसे टप्प्यांनी द्या, आणि टप्पे तारखेवर नकोत, कामावर हवेत. माल तुमचा असल्यानं हे फक्त मजुरीचं आहे. सुरुवातीला १० टक्के. खरवडणं, भेगा, पुट्टी आणि प्रायमर पूर्ण झाल्यावर ३५. पहिल्या हातानंतर २५. सगळं संपून साफसफाई झाल्यावर २०. उरलेले १० महिन्याभरानं. सगळ्यात मोठा हप्ता तयारीच्या कामाला का? कारण खरे कष्ट तिथेच असतात आणि एकदा रंग चढला की ते झाकले जातात. तो हप्ता द्यायच्या आधी संध्याकाळी दिवे बंद करा आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरा. पुट्टीच्या लाटा, खड्डे, न घासलेल्या कडा सगळं दिसेल. हात किती झाले याची खात्रीही सोपी आहे. दाराआड वीतभर रुंदीचे तीन पट्टे ठेवायला सांगा: एक नुसत्या प्रायमरचा, एक एका हाताचा, एक दोन हातांचा. चांगल्या पेंटरला याचा राग येत नाही.

बाहेरचं काम जानेवारीनंतर कराल, तेव्हा मजुरीचे ५ टक्के जुलैच्या पहिल्या मोठ्या झडीपर्यंत मागे ठेवायचं बोलून बघा. सगळे मान्य करणार नाहीत, आणि गरीब पेंटरनं नाही म्हटलं तर त्याला दोष देऊ नका. तेव्हा महिनाभराचे १० टक्के पुरेत. मात्र तुमच्याकडून ठरलेला हप्ता त्याच संध्याकाळी गेला पाहिजे. काम पूर्ण होऊनही पैसे रखडवणारी घरं असतात, म्हणूनच पेंटर आगाऊ रक्कम मागायला शिकले आहेत.

मुलगा म्हणतो तसं कंपनीच्या सेवेलाही विचारून बघा. मोजमाप आणि लेखी भाव तिथे व्यवस्थित मिळतो. पण काम करणारी माणसं बहुतेक स्थानिक ठेकेदाराचीच असतात, तुमच्या गावापर्यंत ते येतात का हे आधी विचारावं लागेल, आणि वॉरंटीच्या अटींत ओलीमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं का ते वाचावं लागेल. जांभ्याला चुना द्या म्हटलं तर ते काम ते बहुधा घेणार नाहीत. फक्त मागच्या भागासाठी विचार करायला हरकत नाही.

जुन्या दारांचा तैलरंग घासताना एक काळजी हवीच. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग ठरवणारा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. सासऱ्यांच्या वेळच्या दारांवरच्या थरांत शिसं असण्याची शक्यता बरीच आहे. ती दारं कोरडी घासू देऊ नका. वॉटर पेपर आणि पाणी वापरायला सांगा, भुकटी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, आणि लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर ते दोन दिवस त्यांना दुसरीकडे पाठवा. कामावरच्या माणसांना मास्क तुम्हीच आणून द्या. आणि कौलांवर पाय देऊन कुणी उभं राहायचं नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगा.

एवढं करूनही कुणी बुडवलंच तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. सीमाभागातल्या वाचकांना हे विशेष उपयोगी आहे. पेंटर कोल्हापूरचा किंवा चंदगडचा असला तरी तक्रार बेळगावला चालते. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं. पण तिथे पुरावा लागतो: सहीचा कागद, दुकानाची बिलं, यूपीआयची नोंद. रोख द्यावीच लागली तर त्याच कागदाच्या मागे रक्कम, तारीख आणि सही घ्या.

राहिला दिरांचा प्रश्न, जो तुम्हाला भावापेक्षाही जास्त छळतोय असं पत्रावरून वाटतं. ओळखीच्या माणसाला हिशेब विचारला तर अपमान होतो, हे गृहीतच तपासून बघा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते अशाच व्यवहारांत खरं ठरतं. काही न बोलता काम दिलं आणि ते बिघडलं, तर पेंटरही जातो आणि दिरांशीही वर्षभर अबोला होतो. कागद आधी झाला तर बिघडलेलं काम कागदावर बोट ठेवून सांगता येतं, कुणाच्या नात्यावर बोट ठेवावं लागत नाही. दिरांना आधी एकट्यानं गाठा आणि म्हणा, "भाऊजी, मागच्या वेळी आम्ही फसलो, म्हणून या वेळी सगळ्यांना हाच कागद देतोय. तुमच्या माणसालाही हाच. पुट्टी झाली की बघायला तुम्ही या, तुम्ही बघितल्यावरच हप्ता देऊ." त्यांना बाजूला ठेवलं असं त्यात होत नाही, उलट देखरेखीचा मान त्यांनाच मिळतो.

माझा कल विचाराल तर पुढच्या भिंतीवर हात ठेवून खरं बोलला, तर दिरांच्याच माणसाला आधी एकच काम द्या: पुढचा भाग खरवडून चुना. ते नीट झालं आणि ठरल्या दिवसांत झालं, तर आतल्या खोल्याही त्याच्याकडे सोपवा. कागदावर सही करायला तो कां-कूं करू लागला, तर भाऊजींच्या समोरच तोच कागद बेळगावच्या ठेकेदाराला पाठवा. निम्मे पैसे आधी मागणाऱ्या तिसऱ्याचा विचार सोडून द्या. आणि काम संपल्यावर प्रत्येक रंगाचा अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर खोलीचं नाव, शेड नंबर आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवा. लग्नाच्या धावपळीत कुठेतरी टेबल घासणारच आहे.